पोचा नसलेली ताटली

दि. ३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
टकळीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून छातीत धस्स झालं असेल, तर आधी हे वाच की मी हातीपायी धड आहे. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण आमच्या खोलीत सहा जणी राहतो आणि त्यातली एक मुकादमाची मेहुणी आहे. ती तोंडातून शब्द काढत नाही म्हणून सगळ्या तिला घुमी म्हणतात, पण कान तिला आहेतच. लाँड्रीच्या गेटवर तर फोन काढूनच घेतात. आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, ती उद्याच्या गाडीने येऊन मला उचलून नेईल.

आमच्याकडे दवाखान्यांच्या चादरी धुवायला येतात. मी इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर आहे. दोन तापलेले रूळ फिरत असतात आणि दोघींनी चादरीचं एकेक टोक धरून ती त्यांच्या तोंडात सोडायची. त्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. बोटं पुढे गेली की त्याला लागतात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. चादरीची घडी लागली तरी थांबतं, म्हणून कामाचा खोळंबा होतो असं म्हणत सहा महिन्यांपूर्वी तो काढून टाकला. मागच्या मंगळवारी माझ्या जोडीदारणीचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. लाल बटण मीच दाबलं. मुकादम म्हणतो ती डुलक्या घेत होती. मी तिच्या समोर उभी होते, ती मला लेकीचा निकाल सांगत होती.

आता माझ्या समोर घुमीला उभी केली आहे. दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं धरून आम्ही दोघी, आणि मधे शब्द नाही. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा आहे ते तूच जाण.

दांडा परत बसवा असा अर्ज द्यायचं आमच्यात चाललं आहे. आम्ही बेचाळीस जणी. कोणी म्हणते सरळ युनियन करू. कोणी म्हणते तो जमाना गेला, आपण कंत्राटावरच्या, लाँड्रीच्या पटावर आपलं नावसुद्धा नाही. सही करायला सगळ्या तयार आहेत, पहिली सही करायला एकही नाही. मीही नाही. एप्रिलअखेर माझं कंत्राट संपतं आणि ते वाढवणं मुकादमाच्या हातात आहे. तू तीस वर्षं युनियनच्या कारखान्यात काढलीस. खरं सांग, आजच्या काळात तिचा काही उपयोग आहे का?

काकांना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तो तसाच राहू दे आणि उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी,
टकळी


दि. ९ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि त्या नादात काकांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यांनी तो मुकाट्याने प्यायला, यावरून या घरात कोणाचं चालतं ते समज.

आमच्या युनियनचं शेवटी काय झालं ते तू लहानपणी पाहिलंस. एकीच्या दोन झाल्या, दोन्हींचे पुढारी एकमेकांना पाण्यात पाहू लागले, फलकावर मागण्यांपेक्षा त्यांचे फोटो मोठे झाले आणि युनियनच्या खोलीत कॅरम रंगू लागला. साहेबांना आणखी काय हवं होतं? तेव्हा तू त्या फंदात पडू नकोस. तुझ्या जिभेला हाड नाही आणि अशा वेळी बोलणारीचाच आधी बळी जातो. दुसरीकडे काम बघ.

इथवर लिहून पत्र ठेवून दिलं होतं. दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. तू दुसरीकडे गेलीस तरी त्या मशीनसमोर कोणीतरी उभी राहणारच, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून पुढे लिहिते.

पहिली सही कोणाची, हे आमच्याकडेही अडलं होतं. औषधाच्या बाटल्यांना मी लेबलं लावायची आणि माझ्या शेजारची बुचं बसवायची. तिला आम्ही बुचवालीच म्हणायचो. तोड तिने काढली. कागदाच्या मधोमध अर्ज लिहायचा, त्यावर ताटली उपडी ठेवून भोवती पेन्सिलीने घेरा काढायचा आणि सगळ्यांनी त्या घेऱ्यावर सह्या करायच्या. पहिली कोणती आणि शेवटची कोणती, कोणाच्या बापाला कळत नाही. एवढं कर. मात्र ताटली पोचा आलेली घेऊ नकोस. काठ नीट तपासून घे.

हाताला जप, काम त्याच्यानंतर. आशीर्वाद आहेतच, ते तुला मागावे लागत नाहीत.

तुझी मावशी


दि. १७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
टकळीचा सा. न. वि. वि.

आधी म्हणतेस फंदात पडू नकोस आणि त्याच पत्रात फंद कसा करायचा ते शिकवतेस. काकांची मला दया येते.

तुझ्या हुकमाप्रमाणे कँटीनमधली नवी ताटली घेतली आणि काठावरून तीनदा बोट फिरवलं. बाकीच्या हसत होत्या. जेवणाच्या सुट्टीत टांगलेल्या चादरींच्या आड एकेक जण येते, कागद आपल्याकडे फिरवून घेते आणि सही करून जाते. एकीने तिघींच्या जागेत आपलं नाव लिहिलं म्हणून बोलणी खाल्ली. एकतीस झाल्या. त्यावरून वादही तेवढेच. घड्या घालणारी आजी म्हणते, दांडा बसला की विषय संपला. धुलाईतली म्हणते, बसवून पुन्हा काढला तर काय रोज अर्ज लिहीत बसायचं, त्यापेक्षा कायमची युनियन हवी. मला दोघींचंही पटतं आणि डोकं भणभणतं.

घुमीला मात्र काही कळू द्यायचं नाही असं ठरलं आहे. ती आली की सगळ्या गप्प. काल ती डबा घेऊन एकटीच नळापाशी बसली होती. मुकादमाला काहीतरी कुणकुण लागली आहे, दोनदा उगाच येऊन गेला.

आणखी एक विचारू का? तुझ्या घरी पिठाच्या डब्यामागे एक ताटली उभी असायची, काठाला पोचा आलेली. मी लहानपणी एकदा तीत वाढून घेतलं तर तू भरली ताटली माझ्या हातातून काढून घेतली होतीस. ती आठवल्यापासून मला चैन नाही.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिही.

तुझी,
टकळी


दि. २३ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. उ. आ.

रागावले नाही. पंचवीस वर्षं कोणी विचारेल म्हणून वाट पाहत होते आणि कोणी विचारू नये म्हणूनही.

बाटल्यांच्या खोलीत औषधाची भुकटी उडायची. दिवसभर खोकायचो. हवा बाहेर ओढून नेणारा पंखा बसवा, एवढीच आमची मागणी होती. मला तपासणीच्या टेबलावर घेणार असं साहेब म्हणाले होते आणि तिथे बसायला खुर्ची होती. सहीची माझी पाळी आली तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि नळापाशीच उभी राहिले. बुचवालीने आपल्या नावाशेजारी माझ्यापुरती जागा सोडली होती. ती तशीच राहिली.

साहेबांनी कागद उजेडात धरला. गोल रेघ एके ठिकाणी आत आली होती, ताटलीच्या काठाला पोचा होता तिथे. सही नसलेली मी एकटीच, म्हणून त्यांनी मला बोलावलं. पोचा आलेली ताटली कोणाची, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्याच आठवड्यात बुचवालीला काढलं. ताटली तिच्या फळीवर राहिली होती, ती मी घरी आणली. द्यायला जायचं म्हणून आणली आणि गेले नाही.

बाकीच्या मागे हटल्या नाहीत. चार दिवस कामाला हात लावला नाही आणि पंखा बसला. मग मीही युनियनमध्ये गेले, मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडले, पण ते नंतर. तू उपयोग विचारलास ना? तो पंखा माझ्यावरही चालला. सही नाही म्हणून मला वेगळी हवा मिळाली नाही. आज माझी छाती साफ आहे ती बुचवालीमुळे, आणि याची मला फार लाज वाटते.

आता मुद्द्याचं. मी नळापाशी उभी होते त्यानंतर मी आले की सगळ्या गप्प व्हायच्या. सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या माणसाला साहेबांनी खुर्चीवर बसवलं की जीभ सैल सुटते. मी स्वतःला सोडवत नाही, जे झालं ते सांगते आहे. त्या घुमीला एकटी ठेवू नका. तिच्यापुरती जागा सोड आणि तिला विचार. नाही म्हणाली तर म्हणू दे.

मला काय म्हणायचं ते म्हण, पण मावशी म्हणणं सोडू नकोस.

तुझी मावशी


दि. ३ मार्च

ती. मावशीस,
टकळीचा सा. न. वि. वि.

मावशीच म्हणते आहे. बाकी बोलणं समोरासमोर.

मी घुमीला विचारलं. कोणाला न सांगता, मशीन थंड होत असताना कागद तिच्या हातात दिला आणि माझ्या नावाशेजारची जागा दाखवली. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला, चादरीसारखी नीट घडी घातली आणि पिशवीत टाकून निघून गेली. ही कालची गोष्ट. आज ती कामावर आली नाही, खोलीवरही नाही. तीस-चाळीस जणींची नावं तिच्या पिशवीत आहेत. धुलाईतली माझ्याशी बोलत नाही, आजी म्हणाली की मी सगळ्यांचं वाटोळं केलं. मुकादम सकाळपासून ऑफिसातून बाहेर आलेला नाही.

जास्त लिहवत नाही. तुझं ऐकलं ते चुकलं असेल तरी तुझा राग यायला सध्या मला फुरसत नाही.

टकळी


दि. ९ मार्च

चि. टकळीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र हाती पडलं. तू फोन घेत नाहीस. शेवटी बसवेना म्हणून ती ताटली पिशवीत घातली आणि बुचवालीचं घर शोधत गेले.

ती खूप वाळली आहे. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. तिने ताटली घेतली, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि पंखा पुढे किती वर्षं चालला असं विचारलं. मी निवृत्त झाले त्या दिवशीही चालू होता असं मी सांगितलं. बरं झालं म्हणाली. आत बोलावलं नाही. पण पुन्हा येऊ का विचारलं तर नकोही म्हणाली नाही.

दोन ओळी तरी धाड. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी मावशी


दि. २८ मार्च

ती. मावशीस,
टकळीचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान उपट. पण आधी ऐक.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी घुमी आली आणि काही न बोलता कागद माझ्यापुढे ठेवला. ती माझ्या जुन्या जोडीदारणीच्या गावी गेली होती. आम्ही तिच्यासाठी भांडत होतो आणि तिची सही घ्यायचं एकीलाही सुचलं नव्हतं. उजवा हात पट्टीत, म्हणून तिने डाव्या हाताने केली, लहान मुलाने गिरवल्यासारखी. तिच्याशेजारी घुमीचं नाव होतं. धुलाईतली ते पाहून बाहेर जाऊन रडून आली. आमच्या चाळीस सह्या झाल्या आणि ही डाव्या हाताची वेगळी. दोघींनी केल्या नाहीत, त्यांच्याशी आम्ही अबोला धरलेला नाही. हे मी तुझ्या नावाने सगळ्यांना बजावलं आहे.

अर्ज दिला आणि ऑफिसात एकेकीला बोलावलं. कागद कोणाच्या डोक्यातून निघाला असं विचारल्यावर घुमीने ‘माझ्या’ असं सांगितलं. आजीनेही ‘माझ्याच’ असं सांगितलं, आणि चाळीसही जणींनी आपापलं नाव घेतलं. मुकादमाने मेहुणीला घरी बोलावून काय ऐकवलं असेल ते ती सांगत नाही. पण सोमवारी दांडा बसला.

मला मशीनवरून काढून मळक्या चादरी निवडायच्या खोलीत टाकलं आहे. वास डोक्यात जातो. एप्रिलनंतर ठेवतील की नाही ते कळलेलं नाही, माझ्यासाठी दुसरा कागद काढायचं म्हणून इतर जणी ताटली शोधताहेत. युनियन करायची की नाही यावर दर शनिवारी भांडतो, आता तर बसायला बाकही आणले आहेत. आईला यातलं सगळं तूच सांग, मला धीर होत नाही.

माझ्या जागेवर एक नवी बाई घेतली आहे, दोन लेकरांची आई. तिला यातलं काही माहीत नाही. काल तिची बोटं पुढे गेली आणि मशीन थांबलं. ती वैतागली, हा दांडा मधे कोण्या मेल्याने घातलाय असं म्हणाली. घुमीने तिला एवढंच सांगितलं की मशीन पुन्हा चालू करायला हिरवं बटण दाबायचं.

बुचवालीकडे जाशील तेव्हा तिला माझा नमस्कार सांग. तुझा लोभ आहे, तिचाही असावा.

तुझी,
टकळी