दमणीतला बाळकृष्ण

चैत्र वद्य ४, शके १८५९. सकाळ.
आज पहाटे बायको झुंबर गोठ्यात गेल्यावर देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला, पितळी डबीत ठेवला आणि डबी दमणीत बैठकीखाली सारून पाहिली. नीट बसते. बैल धावले तरी वाजणार नाही. म्हणजे लेकीला आणायला चोपड्याला जायची माझी तयारी पूर्ण झाली.

देव बरोबर नेणं भाग आहे. वडील गेल्यापासून, अठ्ठावीस वर्षं, या मूर्तीच्या पूजेशिवाय अन्न घेतलेलं नाही. वडिलांनी ती नाशिकहून आणली. रांगता बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा. आंघोळ न केलेल्या हातानं तिला आजवर कुणी शिवलेलं नाही. झुंबरसुद्धा नाही.

झुंबर म्हणाली, देवाची सोय झाली, आता नातवंडांचं बघा. मी म्हणालो, ते माझ्याकडे लागलं.

चैत्र वद्य ५.
प्रश्न असा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कमलला माहेरी आणायचं. आणायला जाणारा मुऱ्हाळी मीच. गेल्या आखाजीला आणलं तेव्हा तिचा अभिमन दीड वर्षाचा होता. चोपडा ते आमचं गाव बावीस कोस, दमणीला दोन दिवस. दोन्ही दिवस तो रडला. घसा बसला, मग ताप. आठ दिवस पोरातून आवाज निघाला नाही. त्यात माझा दोष नव्हता. ऊन होतं.

विहीणबाई मंजुळाबाई यांचं कार्ड आलं आहे. लिहिलं आहे की आता मुलं दोन झाली, तरी यंदा एकदा पाठवून पाहते. पुन्हा घसा बसवलात तर अभिमनचे दुधाचे दात पडेपर्यंत कमलला माहेर नाही. पोचल्याचं कार्ड कमलनं लिहावं, तुम्ही नको. तुम्ही चांगलंच लिहाल.

टोमणा आहे. पण मी शांत आहे.

जावई रुपचंद यांनी सर्व्हिस मोटार सुचवली. नको. पेट्रोलच्या वासानं मुलं ओकतात, आणि मोटारीत संस्कार होत नाहीत.

चैत्र वद्य ७.
टाइमटेबल केलं. धुळे स्टेशनवर पाहिलं होतं तसं, रेघा मारून.
पहिला कोस: प्रल्हादाची कथा. दुसरा: टाळ व भजन. तिसरा: झाडं व पक्षी यांची ओळख. चौथा: झोप. पुन्हा पहिल्यापासून.
भजनी मंडळात माझ्या आवाजावर तीस माणसं डोळे मिटून बसतात. दोन पोरं काय चीज. झुंबर म्हणाली, ती तीस माणसं झोपलेली असतात. मी म्हणालो, मग तर उत्तमच.

चैत्र वद्य ९. चोपडा.
पोचलो. रिकामी दमणी घेऊन येताना काहीच त्रास झाला नाही, यावरून रस्ता चांगला आहे हे सिद्ध होतं. बैल हाकायला हिलाल. साठीचा गडी, बोलतो कमी.

अभिमन अडीच वर्षांचा. मला पाहून आईच्या मागे लपला. लाजतो. सुपडी आठ महिन्यांची, दात येताहेत, हाताला लागेल ते चावते. माझ्या बोटाला चावली. प्रेमळ आहे.

विहीणबाई मुलांसमोर म्हणाल्या, व्याहीबुवा, यंदा दमणीत काय करणार? मी टाइमटेबल दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, यात रडण्याचा कोस कुठला?

चैत्र वद्य १२. सकाळी, उन्हं वर यायच्या आत.
निघालो. पूजा करून, डबी बैठकीखाली. अभिमनला मांडीवर घेतलं. उत्साह फार.

त्याच दिवशी. थोड्या वेळानं.
टाइमटेबल संपलं. अजून चोपड्याचं शेवटचं घर मागे पडलेलं नाही.

प्रल्हादाची कथा चांगली रंगली होती. खांब फुटतो तिथे मी नेहमीच्या पद्धतीनं गर्जना केली. सुपडी किंचाळली, अभिमन किंचाळला, डावा बैल बिचकून कडेला गेला. हिलालनं मागे वळून सांगितलं, ‘नाना, हळू. बठ्ठा गाव आयकी ऱ्हायना.’ सगळं गाव ऐकत होतं, म्हणजे कथेचा परिणाम झाला होता.

टाळ अभिमनच्या हातात दिला. ताल चांगला आहे. एक ठोका टाळावर, एक सुपडीवर. टाळ काढून घेतला.

झाडं व पक्षी: सगळीकडे केळीच. केळीची ओळख तीनदा करून दिली. चौथ्यांदा त्यानं माझा फेटा ओढला.

झोप: मला आली.

त्याच दिवशी. दुपारी, तापीच्या काठी.
दोन्ही मुलं आळीपाळीनं रडताहेत. एक थांबलं की दुसरं उचलून धरतं. आमच्या मंडळात धृपद इतकं कधी जमलं नाही.
कमल काही बोलत नाही. रस्त्याकडे पाहत बसते. लहानपणापासून समजूतदार.

जेवणाआधी स्नान करून डबी उघडली, नैवेद्य दाखवायला. अभिमननं मूर्ती पाहिली आणि एकदम गप्प. हुंदका अर्धा घशात तसाच. मग बोट दाखवून म्हणाला, बाळ.
मला गहिवरून आलं. संस्कार लागले! डबी बंद केली.
त्यानं तोंड उघडलं ते नदी ओलांडून झाली तरी मिटलेलं नाही.

त्याच दिवशी. तापीनंतर दीड कोस.
बाळ द्या, एवढंच. मी समजावलं, देव आहे, शिवायचं नाही, सोवळं असतं. अडीच वर्षांच्या मुलाला सोवळं कळत नाही, हे शिक्षणाचं अपयश आहे.

मग युक्ती सुचली. पूजेत मूर्ती नसली की आपण सुपारी मांडतो. तीच गणपती, तीच कुलस्वामिनी. थोरामोठ्यांना चालतं. कनवटीची सुपारी काढली, गंध लावलं, अभिमनच्या तळहातावर ठेवली. म्हणालो, हाही देवच. त्यानं तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग देव बाहेर फेकून दिला.
हिलालनं बैल थांबवले, उतरला, धुळीतून सुपारी शोधून खिशात टाकली. पुन्हा वर चढला. मला त्याचं न बोलणं आवडलं नाही.

त्याच दिवशी. आणखी अर्धा कोस.
अभिमनचा आवाज चिरकू लागला आहे. गेल्या वर्षी याच ठिकाणी असाच चिरकला होता.
कमल पहिल्यांदा बोलली. म्हणाली, नाना, माझी पुढची आखाजी तुमच्या त्या डबीत आहे.
मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षांचा नेम आहे. ती म्हणाली, हो. एवढंच. मग पुन्हा रस्त्याकडे तोंड. पाठ तिच्या आईसारखी करून बसते. मला ती पाठ ठाऊक आहे.

त्याच दिवशी. उन्हं कलताना.
निर्णय घेतला. नेम मोडलेला नाही, हे आधी नोंदवतो. कळशीतल्या पाण्यानं अभिमनचे हातपाय धुतले. माझा पंचा भिजवून त्याला नेसवला. दोन वेढ्यांत संपायच्या जागी पाच वेढे झाले, पण शास्त्रानुसार मुलगा सोवळ्यात आहे. मग मूर्ती दिली. फक्त पाहायला. फक्त एक कोस.

रडणं बंद. दमणीत बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नाही. त्यानं देवाला थोपटलं, झोपवलं, उठवलं, खिडकीतून केळी दाखवल्या. माझ्याच शब्दांत.
हिलाल म्हणाला, ‘नाना, देव बी पोऱ्याच शे ना. पोऱ्याले पोऱ्या भेटना, आते कसाले रडी?’
पोराला पोर भेटलं म्हणे. अडाणी माणूस. पण बैल चांगले हाकतो.

त्याच दिवशी. अमळनेर दिसू लागलं.
घात. माझा जरा डोळा लागला तेवढ्यात अभिमननं देव बहिणीला दिला. जागा झालो तर सुपडीच्या तोंडातून दोन पितळी पाय बाहेर.
कमलला विचारलं, सुपडीला आज आंघोळ घातली होती का? ती म्हणाली, परवा.
यशोदेनं बाळाचं तोंड उघडून पाहिलं तेव्हा तिला आत विश्व दिसलं. मी उघडलं तर आत देव दिसला, लाळेनं न्हालेला. लोण्याच्या गोळ्यावर हिरड्या घासत होती. काढायला गेलो तर तिनं असा सूर लावला की हात आपोआप मागे आला.
असो. लाळ म्हणजे अभिषेकच. उद्यापासून कडक शिस्त.

चैत्र वद्य १३. संध्याकाळ. घरी.
पोचलो. मुलं हसत उतरली. अभिमनच्या काखेत देव, सुपडीला खालचा एक दात. बावीस कोसांत मी मुलांना सांभाळून दाखवलं, हे विहीणबाईंना कळायला हवं.
झुंबरनं दमणीत डोकावून पाहिलं, अभिमनला गुंडाळलेल्या माझ्या पंचाकडे पाहिलं, मग देवाकडे. कमल तिच्या गळ्यात पडली. दोघी किती तरी वेळ तशाच. मी बैल सोडायला गेलो. हिलालनं ते आधीच सोडले होते. म्हणून नुसताच उभा राहिलो.

चैत्र वद्य १४.
कमलनं कार्ड लिहिलं, टपालात टाकायला मीच नेलं. कार्ड उघडंच असतं, म्हणून वाचलं. ‘मुलं हसत आली. घसे शाबूत. नानांनी आपला देव खेळायला दिला.’ प्रल्हादाचा उल्लेख नाही. शेवटी जागा होती. एक ओळ घालावी असं मनात आलं. घातली नाही.

वैशाख शुद्ध ३. आखाजी.
अंगणात झोके. कमल इतकी हसते हे मी विसरलो होतो.
पूजेची अडचण चालूच. अभिमन झोपल्यावर मूर्ती घ्यावी तर मूठ सुटत नाही. शेवटी तो जागा असताना त्यालाच पाटावर बसवून पूजा केली. देवाला गंध लावायला गेलो तर त्यानं देव हलवला, गंध त्याच्या नाकाला लागलं. फूल वाहिलं, ते सुपडीनं खाल्लं. नैवेद्य दाखवण्याआधी दोघांनी संपवला. झुंबर म्हणाली, आजची पूजा देवाला पोचली.
पोरं परत निघतील तेव्हा मूर्ती घ्यायची. ठाम.

वैशाख वद्य १.
विहीणबाईंचं कार्ड. ‘पुढल्या आखाजीला कमलला खुशाल न्या. मात्र आता परत येताना रुपचंद मोटारीनं आणील. टाइमटेबल पाठवू नका.’
दोन वेळा वाचलं. कमलला वाचून दाखवताना शेवटचं वाक्य गाळलं.
उद्या मोटारीच्या अड्ड्यावर मूर्ती परत घ्यायची. कनवाळूपणा बस झाला. वडिलांची वस्तू आहे.

वैशाख वद्य २. दुपार.
धुळ्याला, देवपूरच्या पुढे अड्ड्यावर पोचवायला गेलो. रुपचंदांनी सामान वर बांधलं. मी हात पुढे करून स्पष्ट आवाजात सांगितलं, अभिमनराव, आमचा देव द्या. अड्ड्यावरचे लोक पाहू लागले.
अभिमननं विचार केला. मग पंचाच्या गाठीत हात घातला (पंचा त्यानं सोडलेला नाही, तोही गेला) आणि माझ्या तळहातावर काही ठेवून मूठ मिटवली. मला भरून आलं. मुलगा न रडता देतो आहे! मोटार हलली. कमल खिडकीतून हात करत होती, तोंड हसरं, डोळे भरलेले. सुपडी मूर्तीचं डोकं चावत होती.
मूठ उघडली. सुपारी. तीच. गंधाचा डाग अजून होता. हिलालनं ती त्याला कधी दिली कोण जाणे. विचारलं तर म्हणाला, ‘तुमनाच देव शे ना, नाना.’
मोटारीमागे चार पावलं धावलो. मग धूळ फार झाली म्हणून थांबलो. ऊनही होतं.

वैशाख वद्य ३. सकाळ.
काल दिवसभर जेवलो नाही. कुणी विचारलं तर पोट बरं नाही म्हणालो. झुंबरनं विचारलं नाही. नुसतं ताट झाकून ठेवलं.
आज पहाटे स्नान केलं. देव्हाऱ्यात रिकाम्या जागेवर सुपारी ठेवली, पाण्यानं न्हाऊ घातली, पुसली. गंध लावलं. तुळस वाहिली. लोण्याचा गोळा समोर ठेवला, डोळे मिटले.
मग जेवलो.