बोळक्याची अकरा कार्डं

प्रिय ठमे,

फोन हाताशी असताना दादाला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं पुटपुटत हे पाकीट शिलाई मशीनवर ठेवून देऊ नकोस. आधी वाच, गिऱ्हाईक थांबेल दहा मिनिटं. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते, म्हणजे सगळं ठीक चाललंय. बसस्थानकावर चार महिन्यांपासून माझ्या जागी रेकॉर्ड केलेली एक बाई गाड्यांच्या वेळा सांगते. आवाज गोड आहे तिचा, पण गाडीला उशीर झाला तर तिला त्याचं काहीच वाटत नाही. मला चौकशीच्या खिडकीत बसवलंय.

मागच्या आठवड्यात माळ्यावरून बुटांचं ते खोकं काढलं. हो, तेच. आपण लहानपणी रचलेल्या भाषांची कार्डं पिवळी पडली आहेत, पण अक्षरं शाबूत आहेत. सगळ्यात वर आपली 'मूळची', सगळ्या भाषांची आई, आणि तिच्याखाली तीन शाखा. घशातून काढायची ती माझी घोगरी. तू बाराही महिने सर्दीत असायचीस, म्हणून तुझी नाकातली गुणगुणी. आणि आपल्या धाकट्या भावाची, सहा वर्षांच्या बोळक्याची फुसफुशी! त्याचे पुढचे दोन दात पडले होते, 'स' म्हणायला गेला की नुसती हवा यायची. मी त्याला चुकला म्हणून हसलो तर तू कंबरेवर हात ठेवून भांडलीस, की ही चूक नाही, हा त्याच्या शाखेचा नियम आहे. मूळचीत पाणी म्हणजे सोरू. माझ्याकडे खोरू, तुझ्याकडे नोरू आणि त्याच्याकडे होरू. पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलताना क्रियापदाला शेवटी लांबलचक 'आओ' लावायचं, हे त्याचंच डोकं. आई स्वयंपाकघरातून हाका मारायची त्यावरून त्याने ते उचललं होतं. बाहेर जाताना दार लावून घ्यायला सांगायचं तरी आपण तिघं 'आओ, आओ' करत सगळी गल्ली डोक्यावर घ्यायचो.

नियम मात्र सगळे माझे. बारा वर्षांचा मी, शिस्तीचा भारी शौक. शब्द नुसता कार्डावर लिहिला तर धरायचा नाही, दोघांनी मोठ्याने म्हटला तरच धरायचा. आणि एखाद्या शाखेत आठ दिवस कुणी एकही शब्द बोललं नाही, तर ती शाखा मेली. कार्डावर लाल फुली.

बोळक्याला ताप आला आणि त्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा आपल्याला आत सोडत नव्हते. आठवतंय, त्या लोखंडी जिन्याखाली उभे राहून आपण वरच्या खिडकीकडे बघत 'आओ' लावून ओरडलो होतो? चौकीदाराने हाकललं. वरून उत्तर आलं नाही. आठवा दिवस उलटला. तू शाळेत होतीस आणि मी घसा दुखतो म्हणून घरी. तुझ्या कंपासपेटीतली लाल पेन्सिल घेतली, त्याच्या शाखेवर फुली मारली, खाली तारीख घातली. रागाने नाही गं. नियम म्हणजे नियम, एवढंच होतं डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा एकटेच घरी आले.

पंधरा दिवसांनी खोकं आईच्या हाती लागलं. फुलीचा अर्थ तिला ठाऊक होता, कारण बोळक्यानेच तिला पोळ्या लाटताना आपले सगळे नियम कौतुकाने ऐकवले होते. पेन्सिल तुझी होती. तिने तुला विचारलं. मी दारात उभा होतो. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. मीही नाही. मग आई तुला जे बोलली ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. त्यानंतर तू आपल्या कुठल्याच भाषेतला एक शब्द बोलली नाहीस. अठरा पुरी झाली तशी मावशीकडे शिवण शिकायला गेलीस, आणि पुढे घरी आलीस ती पाहुणी म्हणून. चव्वेचाळीस वर्षं मी हे गिळून बसलो. फलाटावरून हजारो लोकांना कुठली गाडी कुठे लागली ते सांगत राहिलो आणि घरात एक वाक्य बोलायची हिंमत झाली नाही. मला माफ कर असं लिहितानाही लाज वाटते.

काल रविवारी आईसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, माझा आवाज आता तिच्यापर्यंत पोचत नाही. तिने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आता तिला मी काय सांगू रे?" तेव्हापासून दारावर जरा वाजलं की ती उठून बघते.

ठमे, माझ्या घशात गाठ आहे. पुढच्या गुरुवारी स्वरयंत्र काढणार. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, आवाज नाही. आईला चिठ्ठी लिहून कबुली देणं हा शुद्ध पळपुटेपणा झाला असता, म्हणून तोंड होतं तोवर तोंडाने सांगितलं. तुला फोनवर सांगायला गेलो असतो तर रडण्यापलीकडे काही ऐकू आलं नसतं. बुधवारपर्यंत ये. खोक्यात बोळक्याची अकरा कार्डं आहेत. मी एकेक शब्द म्हणेन, तू माझ्यामागून म्हण, आई ऐकेल. मग ती फुली तू तुझ्या हाताने खोड. उशीर करू नकोस. गुरुवारनंतर मला फक्त लिहिता येईल, आणि लिहिलेलं आपण धरत नाही.

तुझी वाट बघणारा, तुझाच
दादा