धुकेनगरातल्या दुधाचा भाव

॥ श्री विरूपाक्ष प्रसन्न ॥

पनवेल, ता. ८ सप्टेंबर १९५७

चि. मालू हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. आरोग्यधामाच्या खिडकीखालची दरी सकाळी धुक्याने भरते आणि त्यावर तुला अख्खं राज्य दिसतं, हे वाचून तुझे आतोबा म्हणाले की पोर सुधारतेय. धुकेनगर हे नाव मला आवडलं. तिथले लोक धुकं वाफ्यांत आटवून त्याची साखर करतात, हे तू जासईच्या मिठागरावरून उचललंस, तेही ओळखलं.

पण एक गोष्ट खटकली. राक्षस राजकन्येला सोडायला हजार खवल्या मागतो. मोठ्या माशाच्या खवल्याचं नाणं ते खवली, इथवर समजलं. पण हजार खवल्या म्हणजे किती? राजाने रडावं, की कनवटीचे काढून द्यावेत? किंमत कळल्याशिवाय मला काळजीसुद्धा करता येईना.

मग मी वही घेऊन बसले. नाणं कसलं आहे यावर त्याची किंमत ठरत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला ती किती मिळतात आणि त्यात त्याच्या घरी काय शिजतं, यावर ठरते. तू लिहिलंस की धुक्यावरच्या नावाड्याला रोज चार खवल्या मिळतात आणि तांदूळ दोन खवल्यांना शेर. आपल्या बाजारात तांदूळ दहा आणे शेर आहे. म्हणजे खवली पाच आण्यांची. त्या मापाने नावाड्याची मजुरी सव्वा रुपया झाली, आणि आपल्याकडे गड्याला तेवढीच मिळते. हिशेब दोन्ही बाजूंनी जुळला. तुझं राज्य नीट चाललंय.

आता खवलीचे नवे पैसे किती ते मात्र विचारू नकोस. सव्वाएकतीस होतात, आणि तो वरचा पाव कुणाच्या पदरात टाकायचा ते अजून पनवेलात ठरलेलं नाही. मैना कोळीण पाटी उतरवून रोज माझ्याशी भांडते. काल म्हणाली, “बाय, आन्याचं सा पैसं देता, मंग वरचा पाव पैसा कुनी खाल्ला?” तिने एक बोंबील कमी दिला आणि फिटंफाट केली.

तेव्हा राक्षसाचे हजार म्हणजे तीनशे साडेबारा रुपये. राजाच्या मुलीसाठी हे काहीच नाही. नावाड्याची मुलगी असती तर मात्र बापाची अडीचशे दिवसांची मजुरी गेली असती.

तुझ्या राज्यातल्या सगळ्या वस्तूंचे भाव मांडून पाठव. मागच्या वर्षी इथे शाळेला होतीस तेव्हा शिकवलं होतं तसं, ओळी आखून. आणि वजन किती भरलं तेही लिही.

देवाला रोज तुझं नाव सांगते. नवस मात्र बोलले नाही, त्याच्याशी व्यवहार करणं मला पटत नाही. पानात पडेल ते सगळं खा, म्हणजे माझी माया पोचली असं मी समजेन.

तुझी,
आत्या चंद्रावती


आरोग्यधाम, ता. १७ सप्टेंबर १९५७

ती. सौ. आत्यास,
मालूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वॉर्डात मोठ्याने वाचलं. मैना कोळिणीचं आलं तेव्हा नर्सबाईपण हसल्या.

तू राजकन्येचं बरोबर पकडलंस. माझंच लिहिताना चुकलं होतं. ती राजकन्या नाही, नावाड्याचीच मुलगी आहे. राजाला मूलबाळच नाही.

भाव असे आहेत. अंडी, दोनांना एक खवली. धुक्याची साखर, शेराला तीन. वल्हं, नऊ. पंख असलेली छत्री, वीस. लहान होडी, दोनशे. गाय, पाचशे बारा. दूध, एका पेल्याला पाचशे बारा. मी दोनदा तपासलंय, चूक शोधत बसू नकोस.

नावाड्याच्या मुलीला राक्षस सकाळ-संध्याकाळ दूध देतो, पण तिला ते परवडत नाही म्हणून ती पीत नाही. खिडकीतून शेजारच्या बुरुजावरच्या मुलीला देते. ती मुलगी चांगली जाड झाली आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर जनी म्हणून मुलगी आहे. तिचं वजन चार पौंड वाढलं. माझं पुढच्या पत्रात लिहीन.

आतोबांना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तेवढाच ठेव, जास्त नको.

तुझी,
मालू


॥ श्री विरूपाक्ष प्रसन्न ॥

पनवेल, ता. २० सप्टेंबर १९५७

चि. काशिराम यास,
ताईचे आशीर्वाद.

तुझ्या लेकीचं पत्र आलं. ते सोबत धाडते आहे, वाचून परत कर. तिच्या गोष्टीतल्या राज्याचे भाव तिने मांडले आहेत. गाय पाचशे बारा आणि पेलाभर दूधही पाचशे बारा, हे वाचून आधी मला हसूच आलं. त्या भावात दूध कोण घेईल, शहाणा माणूस गायच नाही का घेणार, असं लिहायला मी दौत उघडली सुद्धा.

मग पाचशे बारा हा आकडा मला गिळवेना. लहान मुलं मनाने भाव ठरवतात तेव्हा पाचशे म्हणतात, हजार म्हणतात. तिची होडी बघ, दोनशेला आहे. पाचशे बारा कुणी मनाने म्हणत नाही, तो कशाचा तरी गुणाकार असतो. तिची खवली मीच पाच आण्यांची ठरवून दिली होती. त्या मापाने पाचशे बाराचे बरोब्बर एकशे साठ रुपये होतात, वर पै नाही.

काशिराम, गोठ्यातली चांदी कुठे आहे? श्रावणापासून तुझ्या एकाही पत्रात तिचं नाव नाही. मालूने ते वासरू बाटलीने दूध पाजून वाढवलं, म्हणून विचारते. ती विकली असलीस तर कितीला विकलीस, आणि ते मालूच्या कानावर कसं गेलं, ते उलट टपाली कळव. आणि तिच्या वजनाचा आकडा लिही. ती तो लपवते आहे.

हौसाला सांग, मालूची आई तू, घाबरू नकोस. मला खरं तेवढं लिही, बाकी आपण बघू.

तुझी,
ताई


जासई, ता. २५ सप्टेंबर १९५७

ती. सौ. ताईस,
काशिरामचा शि. सा. नमस्कार.

ताई, तुझं पत्र वाचून हौसा रडायला लागली. एकशे साठच आले. तळोजाच्या काळूरामने घेतली. पावसाळ्यात मिठागर बंद, हातात काय नाय, आन आरोग्यधामात तीन महिन्यांचे आगाऊ भरायचे होते. तुला बोललो नाय, कारण तू पाटल्या काढून दिल्या असत्या.

पोरीला मी सांगितलं नाय. हापिसात पैसे भरताना तिथला कारकून बोलला, पावसाळ्यात कशी जमवाजमव केलीत. मी बोललो, गाय इकली एकशे साठला. मागे बघतो तर मालू व्हरांड्यात उभी. निघताना एवढंच बोलली, “बाबा, मी बरी हाय, मला घरी न्या.”

बासष्ट पौंड होती, आता सत्तावन्न. डागदर बोलले, इंजेक्शनं लागू पडायला अंगात दूध-अंडं जायला पायजे, नायतर ती फुकट. पंधरा दिवसांत वजन चढलं नाय तर अवघड हाय बोलले. आमी समजवायला गेलो, तर पोट भरलंय बोलते. दूध दुसरीला देते हे तिच्या कागदावरूनच कळलं.

मी लिहिलं तर तिला वाटेल बाप खोटं बोलतो. तू लिही. तुझा हिशेब ती मानते.

दाजींना नमस्कार. आमच्या चुका पोटात घाल, नेहमी घालतेस तशा.

काशिराम


॥ श्री विरूपाक्ष प्रसन्न ॥

पनवेल, ता. १ ऑक्टोबर १९५७

चि. मालू हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल मी बसने तळोजाला जाऊन आले. काळूरामच्या गोठ्यात चांदी उभी होती. शिंगांना गेरू लावलाय, खाली कोरडा पेंढा आहे. मी हाक मारली तर तिने मान वळवली आणि ओळख न दाखवता पुन्हा खायला लागली. तुझी चांदी पहिल्यापासून अशीच अप्पलपोटी. ती परत येणार नाही. हे तुला आधीच सांगते, कारण तू खोट्याला फसणारी नाहीस.

आता तुझा हिशेब. त्यात चूक आहे, आणि ती मूळची माझी. खर्च करण्याआधी तीनदा विचार कर, असं मीच तुला शिकवलं. खर्चाची बाजू आखून दिली, आणि तू तिथे स्वतःचं नाव लिहून बसलीस. वही कुणासाठी मांडायची हे शिकवायचं राहिलं. ते आज शिकवते.

पैशाचं काय एवढं, असं मी म्हणणार नाही. एकशे साठ रुपये म्हणजे तुझ्या नावाड्याचे एकशे अठ्ठावीस दिवस. ते मोठेच आहेत. पण चांदी विकून बाबांनी ते कशात घातले? तुझ्या औषधात आणि दुधात. म्हणजे चांदी आता त्या पेल्यात आहे. ती एकदा गेली. तू पेला जनीला दिलास की ती पुन्हा जाते. सकाळी जाते, संध्याकाळी जाते. रोज दोन गाई द्यायला तुझ्या बाबांकडे गोठा भरलेला नाही.

भाव नीट मांड. आपल्याकडे दूध दहा आणे शेर. पेला अर्ध्या शेराचा, म्हणजे एक खवली. म्हणून चांदीचे पाचशे बारा पेले होतात. रोज दोन म्हटले तर आठ महिने सोळा दिवस. तेवढे पिऊन झाल्यावर मला लिही, मी वहीत चांदीच्या नावापुढे ‘पोचली’ असं मांडीन. त्याआधी मांडणार नाही, मला खोटी नोंद करता येत नाही.

माझ्या पाटल्या माझ्याच हातात आहेत. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आतोबांनी भातगिरणीतून उचल घेऊन भरले, तेव्हा त्याचा विचार तू करू नकोस. केलास तर त्याचाही भाव मी तुला सांगेन, आणि तो तुला आवडणार नाही.

माझ्यावर तुझा राग असेल तर असू दे, दुधाबरोबर पिऊन टाक.

तुझी,
आत्या


आरोग्यधाम, ता. १७ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. आत्यास,
मालूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन तारखेला आलं. ते मी मोठ्याने वाचलं नाही.

पहिल्या दिवशी दूध पिताना चांदी आठवली आणि ठसका लागला. नर्सबाईंना वाटलं, खोकला वाढला. दुसऱ्या दिवशीपासून नाक धरलं नाही. जनी माझ्यावर रुसली आहे. तिला मी आता फक्त साय देते. साय हिशेबात धरलीस का ते कळव.

काल वजन झालं. एकोणसाठ भरलं. डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला.

धुकेनगरात थोडा गोंधळ झालाय. नावाड्याच्या मुलीचा खर्च राक्षसाला झेपेना, कारण ती दूधही पिते आणि अंडीही खाते. आता तोच तिच्या बाबांना विचारतोय, हिला न्यायला कधी येता.

दुधाचा भाव एक खवली झाला आहे. चार तारखेपासून आज संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस पेले झाले. चारशे चौऱ्याऐंशी राहिले.

तुझी,
मालू