डाव्या बाजूला अर्धा इंच

प्रिय ढोल्या,

फोन सोडून ताईला पत्राचं खूळ कुठून लागलं म्हणून हसशील. या आठवड्यात तीनदा फोन केला. तू तिन्ही वेळा मध्येच कोट्या केल्यास, मी हसले, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा उद्योग.

आधी माझं सांगते. पंधरा दिवसांपूर्वी दुकानात स्वतःचाच ड्रेस अंगावर घालून टाचण्या लावत होते. उजव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या जरा वर, बोटाला काहीतरी लागलं. वाटाण्याहून थोडं मोठं. अस्तरात बटण राहिलं असेल म्हणून मी ड्रेस काढून अस्तर उसवलं. बटण नव्हतं. मग आरशासमोर हात वर करून पुन्हा चाचपलं, तर ते तिथंच होतं. चार दिवस कुणाला सांगितलं नाही. आंघोळीला गेले की बोट तिकडे, भाजी चिरताना बोट तिकडे. एका गिऱ्हाइकाच्या जाकिटाच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या. आमच्याकडे काज-बटणं करणारी मावशी आहे ना, तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने खोदून खोदून माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाली, तू मेलीस तर मी काज कशावर करू, ऊठ. दुकानाला कुलूप लावून तिनेच मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तुझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. हात गार, बोलणं मात्र मऊ. दुखतं का, वाढलंय का, वजन उतरलंय का, असं विचारत गेली. मी सगळ्याला नाही म्हटलं. मग तिने माझंच बोट धरून गाठीवर ठेवलं आणि म्हणाली, जरा ढकलून बघा. ढकललं, तर बोटाखालून सटकली. सोनोग्राफीतही तेच दिसलं, नुसती चरबीची गाठ, घाबरायचं कारण नाही. मावशी बाहेर बाकावर बसून रडली. मी रडले नाही. मी परत आत गेले आणि विचारलं, न हलणारी असली तर काय?

तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, टणक असेल, जागची हलत नसेल आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर लगेच दाखवायचं. दर वेळी वाईटच निघतं असं नाही, पण तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. घरात कुणाला आहे का, असंही तिने विचारलं. मी नाही म्हणून उठले. आयुष्यात डॉक्टरशी खोटं बोलले ती ही पहिली वेळ.

मला शिवण शिकवणारे मास्तर म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या अंगात काय उणं आहे ते तोंडाने बोलायचं नाही, कापडात जिरवायचं. एक खांदा उतरता असेल तर त्या बाजूला गादी घालायची, पाठीला पोक असेल तर मागची लांबी वाढवायची, आणि वहीत आपल्यापुरती खूण करून ठेवायची. अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं. लोक आरशात बघून खूश होतात आणि आपलं कौतुक करून जातात. हे इतकं अंगात मुरलंय की समोर कोण उभं आहे तेसुद्धा हाताला कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी तू लेकीच्या पदवीदानासाठी कोटाचं माप द्यायला आलास. वहीत तुझी गेल्या वर्षीची कंबर अडतीस होती, टेप पस्तीसवर आला. तू म्हणालास, बघ ताई, उपास न करता हिरो झालो. मी हसले. मग टेप छातीवरून पोटाकडे उतरवताना डाव्या बरगडीखाली माझं बोट अडलं. अक्रोडाएवढं होतं आणि जागचं हललं नाही. गुदगुल्या करू नकोस म्हणून तू ओरडलास. तू इतका आनंदात होतास, आणि मी भ्याले, ढोल्या. वहीत लिहिलं, डावी बाजू अर्धा इंच सैल. कोट तसाच शिवला, आणि तो असा बसलाय की कुणालाही काही दिसणार नाही. माझ्या गप्प बसण्याने तुझे दोन महिने गेले. माझ्या गाठीसाठी मी चार दिवसांत दवाखाना गाठला आणि तुझ्या गाठीवर खुशाल अस्तर लावलं. रागाव, माझ्याशी बोलू नकोस, सगळं मान्य. येत्या गुरुवारी दहा वाजता त्याच डॉक्टरणीकडे तुझं नाव लावलंय. माझा अंदाज चुकला तर जन्मभर चिडव मला, मी ऐकून घेईन. बायकोला हे पत्र दाखव, लपवू नकोस. मी नऊ वाजता तुझ्या दारात उभी असेन. पुढून बटणं असलेला शर्ट घाल, पटकन काढता येतो.

तुझीच, आता गप्प न बसणारी,
ताई