नऊशे हात

छत्रपती संभाजीनगर,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय गुलशन,

सलाम. तू मजेत असशील आणि कहकशाची दहावी लेकीपेक्षा तुलाच जास्त जड जात असेल. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे होते तसेच आहेत, फक्त आता ती त्यांची हकीकत दूधवाल्यालाही सांगते. थंडी पडली. कार्यक्रमांचा मोसम सुरू झाला, त्यामुळे माझा फोन दिवसभर गरम.

पत्र बघून दचकली असशील. मेसेज केला असता तर तू लगेच फोन केला असतास आणि फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलते. कागदावर तेवढी सफाई नाही मला.

तुझ्या वीस डिसेंबरच्या मैफलीचं बुकिंग सुरू झाल्यापासून एकेचाळीस जणांनी माझ्याकडे पास मागितले. त्यात एक कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. त्यांनी आधी आईची तब्येत विचारली, मग तुझ्या आवाजाची तारीफ केली आणि मग म्हणाले, "दोनच द्या, मागची रांग चालेल." तिकीट तीनशेचं, डॉक्टरांची तपासणी फी आठशे. पण प्रश्न पैशांचा नसतोच. आपल्या गावात तिकीट काढणं म्हणजे आपली कुठं ओळख नाही हे चारचौघांत कबूल करणं. आणि ओळख तर इथं सगळ्यांचीच असते. दहा वर्षं होत आली मला तिकिटं विकण्याच्या या धंद्यात; गायक कोणीही असो, हे काही बदललं नाही. या वेळी मी सगळ्यांना नाही म्हणाले. डॉक्टर नाराज आहेत. आईच्या सर्दीला आता दुसरा डॉक्टर शोधावा लागेल.

तू रोज विचारतेस, "किती गेली?" आणि मी रोज अंगठा पाठवते. अंगठ्याचा अर्थ काहीही होतो, म्हणून पाठवते.

परवा तू लिहिलंस की सोमवारी शाळेत राजीनामा देणार. पुण्यात सहा वर्षं पोरांना शिकवलं, आता बस. "माझ्या शहरात माझे नऊशे लोक आहेत, पुन्हा तिथूनच सुरुवात करते." त्यालाही मी अंगठाच पाठवला. नंतर दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही.

त्या नऊशे लोकांबद्दल लिहायचं आहे.

२०१६ ची तुझी ती पहिली मैफल. तिकीट दीडशे रुपये, आता धरलंय तेच मोठं नाट्यगृह, नऊशे खुर्च्या. आदल्या दिवशी दुपारी मी खिडकीवर गेले, तेव्हा तिथं बसणारे कडुबामामा पेपर वाचत होते. सकाळी वाचलेलाच पेपर. म्हणाले, "मॅडम, मोजायचं काय त्यात? तिरसठ गेली. त्यातली अकरा गुलशनताईच्या मोहल्ल्यातली हायेत."

त्रेसष्ट.

मग मी फोनवर बसले. वाळूजच्या एका कारखान्यात माझी ओळख होती, त्यांनी दुसऱ्या दिवशी सुट्टी असलेल्या कामगारांच्या दोन बस बायकापोरांसकट पाठवायचं कबूल केलं. नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह. दोन भिशी मंडळं. सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांचा गट, ते तर चहासुद्धा मागत होते. पास वेगळे छापायला वेळ नव्हता, म्हणून न विकलेली तिकिटंच मी वाटून टाकली. गठ्ठेच्या गठ्ठे. दुसऱ्या दिवशी गर्दी बघून कडुबामामा हळूच म्हणाले, "पब्लिक लई आलंय. पण मॅडम, खिडकीवर तर कुणीच आलं नाय." मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. मामा गप्प बसले, आजपर्यंत.

तू आतल्या खोलीतून फोन केलास. "दीपा, सच्ची बोल, किती गेली?" मी म्हणाले, "फुल्ल. बाहेर बोर्ड लावलाय."

बोर्ड खरंच लावला होता.

तू गायलीस ते मला आजही आठवतं. मी खोटं बोलले ते आकड्यांबद्दल, तुझ्या गाण्याबद्दल कधीच नाही. कामगारांच्या बायका शेराच्या मध्येच टाळ्या वाजवत होत्या आणि तुला ते आवडत होतं. मग शेवटच्या गझलेआधी तू थांबलीस आणि म्हणालीस, "ज्यांनी ज्यांनी तिकीट काढलंय, त्यांनी हात वर करा. मला बघायचंय तुम्हाला."

वाटलं, संपलं. पण नऊशे हात वर गेले, गुलशन. त्यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांच्या खिशात दीडशे रुपये छापलेलं तिकीट होतं. आपल्याकडच्या माणसाला मिळालेलं तिकीट आणि काढलेलं तिकीट यात फरक वाटत नाही. तुला तो वाटत होता. तू रडलीस, आणि मी दाराशी उभी राहून बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात तू अनुदानित शाळेतली कायमची नोकरी सोडलीस आणि पेढे घेऊन माझ्या घरी आलीस. "नऊशे अनोळखी लोक पैसे देऊन आले, आता कशाला घाबरू?" असं म्हणालीस. मी दोन पेढे खाल्ले.

तेव्हा सांगता आलं असतं. तुझा राजीनामा मंजूर व्हायला महिना लागला, तो महिनाभर सांगता आलं असतं. पुढची तीन वर्षं तू बीडला, जालन्याला, नांदेडला निम्म्या रिकाम्या खुर्च्यांपुढे गायलीस आणि मला विचारत राहिलीस, "इथं का भरत नाही गं? माझंच काही चुकतंय का?" मी म्हणत राहिले, "जाहिरात कमी पडली." तुझं काही चुकत नव्हतं. तू स्वतःला दोष देत गेलीस आणि मी देऊ दिला.

रिकाम्या खुर्च्यांपुढे तुला गाताना बघवलं नसतं म्हणून मी तसं केलं, असं नऊ वर्षं स्वतःला समजावत आले. ते खरं आहे, पण अर्धंच. माझंही ते पहिलं स्वतंत्र काम होतं. हाऊसफुल्लच्या बोर्डाशेजारी उभं राहून मी फोटो काढून घेतला आणि तो पेपरात छापून आला. तो बघून मला पुढची तीन कामं मिळाली, त्यातून ऑफिस झालं. तो फोटो अजून माझ्या टेबलामागे भिंतीवर आहे. तू रिकामी झालीस आणि मी भरले. याची मला लाज वाटते. रोज वाटत नाही, हेही कबूल करते. परवापासून मात्र जात नाही.

आता आजचा आकडा. नऊ दिवसांत एकशे अठरा. वीस डिसेंबरपर्यंत पावणेदोनशे होतील, फार तर दोनशे. एकही पास नाही. नावं मी एकेक करून वाचली, तीन-चार सोडली तर कोणी माझ्या ओळखीचं नाही. शेंद्र्याची एक बाई आहे, सारजाबाई नावाची, तिनं पाच काढलीत. ही माणसं तुला ऐकायला येतायत. एवढ्या माणसांवर नोकरी सोडता येत नाही. गाता येतं.

त्याच तारखेला तीनशे खुर्च्यांचं छोटं सभागृह मोकळं आहे, मी तोंडी धरून ठेवलंय. हवं असेल तर कळव. कार्यक्रमच नको असेल तर तसं कळव, सगळ्यांचे पैसे त्याच दिवशी परत करीन.

कुरिअर उद्या-परवा पोचेल, मुद्दाम सोमवारच्या आत. राजीनामा देऊ नकोस, गुलशन. कहकशाची दहावी आहे. लिहून ठेवला असशील तर फाडून टाक. तू पुन्हा माझ्या शब्दावर नोकरी सोडलीस तर मला ते झेपणार नाही. एवढ्यासाठीच हे पत्र. त्यानंतर माझं तोंड बघायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी कोणत्या तोंडानं तक्रार करू?

कहकशाला आशीर्वाद.

तुझी फक्त त्रेसष्ट तिकिटं विकलेली,
दीपमाला