पुण्याला न केलेला फोन

संगमनेर,
रविवार, २२ ऑगस्ट १९९९

चि. दीपा हिस,
बन्सीदादाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही खुशाल. आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकते कुठे. काल पुन्हा दळणाचा डबा स्वतःच उचलून आणला. तुझी खोली कशी आहे, जेवणाचं काय करतेस, हे तिला कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

बसस्टँडसमोर नवं सायबर कॅफे निघालंय. दर शनिवारी तिथे जाऊन मी आपल्या पेपरची इंटरनेट आवृत्ती वाचतो. पहिल्या दिवशी नुसते चौकोन दिसत होते. दुकानदाराने फॉन्ट का काय म्हणतात ते उतरवून घेतलं, तेव्हा वाचता आलं. या आठवड्याची पानं छापून, तांबड्या शाईने खुणा करून सोबत पाठवतोय. 'आणि'तला णि ऱ्हस्व, हे तुला चौथीत असताना सांगितलं होतं. 'नातेवाईक' दीर्घ, पण 'नातेवाइकांनी' ऱ्हस्व. 'विहीर' आणि 'विहिरीत' यांचंही तसंच. पाऊसपाण्याच्या बातमीत अकोले तालुक्याचं तू अकोला केलंस. भंडारदऱ्याचं पाणी तू थेट विदर्भात नेलंस, दीपा. जगभर वाचतात ना तुमचं ते? मग जगभर हसत असतील.

तू पत्रात लिहिलंस की चार जणांचं काम तू एकटी करतेस, बातमी आली की दहा मिनिटांत चढवावी लागते, वाचायला दुसरं कोणी नसतं. असेल. पण मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, घाई हे कारण होत नाही.

पानाच्या तळाशी 'इंटरनेट आवृत्ती : दीपा रंभाजी साळवे' असं येतं, ते आईला वाचून दाखवलं. तिने कागद घडी करून कनवटीला लावला. चौदा वर्षं मी मुद्रितं तपासतोय. माझं नाव पेपरात एकदाच आलं, आबा गेले तेव्हाच्या निधनवार्तेत. तेही 'बन्शी' असं. असो.

चुकांवर राग धरू नकोस. तुझ्या भल्यासाठीच लिहितो.

तुझा,
बन्सीदादा

---

संगमनेर,
रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

चि. दीपा,
जयभीम.

ऑगस्टनंतर मी सहा पत्रं पाठवली, तांबड्या खुणांसकट. एकाचंही उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं.

तू आईशी दोन आठवडे फोनवर नीट बोलली नाहीस. शेजारच्या केशरबाईंकडून फोन ठेवून आली की ती पायरीवर बसून राहते. परवा मला म्हणाली, "बन्सी, पोरीला काय झालंय रं? नुस्तं हू हू करती. तुला ठाव हाय, सांगंना झालाय तू." मी म्हणालो, कामाचा ताण असेल. तुला महिनाअखेर राजीनामा द्यायला सांगितलंय, हे मला ऑफिसात कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही.

देवळाली प्रवराच्या अपघाताबद्दल लिहायचं आहे.

त्या गुरुवारी, २८ ऑक्टोबरला, संध्याकाळी राहुरीच्या बातमीदाराचा फॅक्स आला. कांद्याचा टेम्पो उलटला, एक ठार, एक जखमी. नेहमीप्रमाणे तसाच तो पुण्याला तुझ्याकडे गेला आणि प्रत माझ्या टेबलावर आली. वर लिहिलं होतं, श्रीमंत गागरे ठार. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, गागरे यांच्यावर नगरला उपचार सुरू. मला ते लगेच खटकलं. बातमीदाराला फोन लावला, तेव्हा त्याने कबूल केलं, नावं उलटसुलट झाली. गेला तो ड्रायव्हर, गागरे जखमी होते. आपल्या छापील अंकात मी दुरुस्त केलं. तुझ्या पानावर मात्र गागरे मेलेलेच राहिले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

चौकशीत मी संपादकांना सांगितलं की पुण्याचा फोन लागत नव्हता. तुलाही त्यांनी तेच सांगितलं असणार.

फोन लागत होता की नव्हता, मला माहीत नाही. मी लावलाच नाही.

संगणकावर बसणाऱ्या मुक्ताबाईंनी मला विचारलंही होतं. "बन्सीभाऊ, पुण्याला कळवायचं ना? दीपाने चढवलं असेल." मी मान वर न करता म्हणालो, "सांगितलंय." त्यांनी विश्वास ठेवला. कोण नाही ठेवणार? तुझी चूक मी दुरुस्त करणार नाही, असं कुणाला वाटलं असतं?

विसरलो, असंही मी मनाला सांगून पाहिलं. विसरलो नव्हतो. रिसीव्हर हाताशी होता. मी मनात शनिवारची वाट पाहत होतो. हे पान छापून घेईन, एक ओळ तांबडी करीन आणि यावेळी तुझ्याकडे नाही, पुण्याच्या मोठ्या साहेबांकडे पाठवीन. एवढंच माझ्या डोक्यात होतं. गागरे म्हणजे एक माणूस आहे, त्याला घर आहे, हे डोक्यातच नव्हतं.

त्यांचा मुलगा योगेश मस्कतला होता. त्याच्या कंपनीतल्या एका मराठी माणसाने शुक्रवारी सकाळी त्याला ते पान दाखवलं. वस्तीवर फोन नाही. गावातल्या दुकानाचा नंबर होता, पण दुकानदार त्यांचाच चुलता, तोही नगरला दवाखान्यात. योगेश रजा न मागता निघाला. मातीला पोचणार नाही म्हणून मुंबईत उतरल्यावर त्याने डोकं भादरलं. तिसऱ्या दिवशी दारात आला, तर बाप पायाला प्लॅस्टर घालून बाजेवर बसून पेरू खात होता.

पुढच्या आठवड्यात तो आपल्या ऑफिसात आला. संपादक बाहेर होते, म्हणून माझ्यासमोर बसला. डोक्यावर जेमतेम खुंट आले होते. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि तळाच्या नावावर बोट ठेवलं.

"ही बाई कोन हाय?"

"माझी बहीण."

"तिला एवढं सांगा, माझा बाप जिता हाय. पन तीन दिस मी त्याला मेलेला धरून चाललो. आता तिकडची नोकरी बी गेली. भांडायला न्हाई आलो. तिला ठाव असावं, म्हणून आलो."

तो शांतपणे बोलत होता. मी म्हणालो, "सांगतो." तेव्हाही खरं बोललो नाही.

नंतरचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. काल शनिवारी सायबर कॅफेच्या दारापर्यंत गेलो आणि तिथूनच ऑफिसला परतलो. संपादकांना सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "चौदा वर्षांतली पहिली चूक म्हणायची का ही तुझी?"

"चूक नव्हती साहेब."

"मग काय होतं?"

मी म्हणालो, "दीपाच्या त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता."

त्यांना आठवलं. मुलाखतीच्या दिवशी आपण दोघं एकाच बाकावर बसलो होतो, तुला आधी आत बोलावलं. बाहेर आलीस ती हसतच, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात खरा होता, दीपा. पण आत मला ते म्हणाले होते, "बन्सी, मराठी तुझंच चोख, पण तुला संगणक येत नाही, आणि ती शिकली तुझ्याकडेच ना?" त्या वाक्यावर मी पाच महिने जळत राहिलो. तुला शिकवलं हे माझंच काम, आणि त्याच कामाने माझी जागा गेली.

त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. तुझा राजीनामा आता घेणार नाहीत. फॅक्स चढवण्याआधी वाचायला दुसरा माणूसही देणार आहेत. मला उद्यापासून येऊ नको म्हणाले. मी हरकत घेतली नाही.

आज सकाळी देवळाली प्रवराला जाऊन आलो. योगेशला सांगितलं, ती नव्हे, मी. त्याने ऐकून घेतलं आणि उठून गोठ्याकडे गेला. त्याच्या आईने चहा ठेवला होता. म्हातारे गागरे म्हणाले, "घ्या चहा. तो न्हाई यायचा आता." मी चहा घेतला आणि निघालो. क्षमा वगैरे कुणी केलेली नाही, आणि मी मागितलीही नाही. तुझ्याकडेही मागत नाही.

आईला संध्याकाळी सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. म्हणाली, "म्हंजी तू रं?" एवढंच. जेवायला वाढलं तिने, पण समोर बसली नाही.

एक गोष्ट राहिली. ती लिहिली नाही तर या पत्राला अर्थ नाही. संपादकसाहेब फोन ठेवून म्हणाले, दीपा राहतेय. तेव्हा मला आधी आनंद झाला नाही. आधी मनात आलं, म्हणजे ती तिथेच राहणार. जिना उतरून रस्त्यावर आलो, रसवंतीपाशी थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग आनंद झाला.

उशिरा झालेल्या, पण खऱ्या आनंदासह,
तुझा दादा,
बन्सी