डिस्कवर माझी बारीक नजर

२ सप्टेंबर.
आमच्या ताइचुंगच्या मूनकेक कारखान्याचा ऑर्डरींचा सर्व्हर यंदा माझ्या हवाली. मालक त्सेंगसाहेब म्हणाले, मूनकेक खायच्या पौर्णिमेच्या सणापर्यंत एकही ऑर्डर अडकली नाही तर मॅनेजरची खुर्ची तुझी. म्हणजे झालंच की! शेजारच्या टेबलावरच्या यू-फेनताई म्हणाल्या, लॉगनी डिस्क भरत आलीय, जुने लॉग आपोआप पुसले जातील अशी सोय कर. लॉग म्हणजे सर्व्हरने आपल्याच उद्योगांची ठेवलेली टिपणं. पुसायची कशाला? इतिहास आहे तो.

५ सप्टेंबर.
डिस्क ऐंशी टक्के. ताबडतोब उपाय केला. यंत्रं शहाण्यासारखी चालावीत म्हणून इथे सगळेच ठेवतात, तशी नारळाच्या खाऊची हिरवी पुडी सर्व्हरवर ठेवली. हिरवीच. पिवळी ठेवली की सर्व्हर रुसतो, हे कुणीही सांगेल. पुडीची मुदतही तपासली. यू-फेनताईंनी भक्तिभावाने हात जोडले आणि म्हणाल्या, झालं ना, आता लॉगचं बघ. बाईंना धीर म्हणून नाही.

८ सप्टेंबर.
पुडी कुणीतरी खाल्ली! गोदामवाल्यांवर दाट संशय. नवी आणून चिकटपट्टीने डकवली. यातच दिवस गेला.

९ सप्टेंबर.
मला बेफिकीर म्हणायची कुणाची टाप नाही. आज एक प्रोग्रॅम लिहिला. डिस्कमध्ये किती जागा उरली ते दर क्षणाला बघतो आणि सविस्तर नोंदवतो. ताईंनी विचारलं, नोंदवतो कुठे? म्हटलं, लॉगमध्येच, आणखी कुठे? त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुक असावं.

१२ सप्टेंबर.
चौऱ्याण्णव टक्के. भरायचा वेग एकाएकी वाढलाय. बरं झालं मी वेळेवर लक्ष ठेवलं. ताई म्हणाल्या, सरक, मी करून देते. नको म्हटलं. होणाऱ्या मॅनेजरने असं कुणापुढे हात पसरणं शोभत नाही. रविवारी स्वतः सगळं साफ करणार.

१५ सप्टेंबर, रविवार.
दुपारी जरा पडलो. उद्या.

१६ सप्टेंबर, सकाळी.
सर्व्हर बंद. डिस्क गच्च. उद्या सण, आणि फोन खणखणताहेत. त्सेंगसाहेब खाली आले. ओरडले नाहीत, तेव्हाच मी खुर्चीतून उठलो. त्यांनी ताईंना माझ्या खुर्चीत बसवलं. ताईंनी सगळ्यात मोठी फाईल शोधून उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच वाक्य: जागा कमी होत आहे. साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? फाईलवर माझंच नाव होतं.

१८ सप्टेंबर.
ती फाईल पुसून सर्व्हर चालू केला, म्हणून मॅनेजर यू-फेनताई. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. तरी जाऊन अभिनंदन केलं. त्यांनी हळूच सांगितलं, चिएन-हुंग, एवढं एक कर बाबा, सर्व्हरवर लक्ष ठेवू नकोस.

संध्याकाळपर्यंत ठेवलं नाही. मस्त चालला होता.